रुग्णालय ताडून पाहताना त्याची रात्र विचारा

आमच्या घरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची दोन ऑपरेशने झाली. आधी आत्याचे, तीन वर्षांनी थोरल्या भावाचे. दोघांचीही गाठ उजव्या बाजूला, दोघांचाही आतड्याचा जवळपास तेवढाच भाग काढलेला, आणि दोन्ही सर्जन हाताचे चांगले. आत्याच्या नाकात पाच दिवस नळी होती. सहाव्या दिवशी तिला चमच्याने पाणी मिळाले आणि सातव्या दिवशी ती पहिल्यांदा पलंगावरून उतरली, तेव्हा तिचे पाय लटपटत होते. भावाला मात्र ऑपरेशनच्या संध्याकाळीच खुर्चीत बसवले आणि हातात पाण्याचा पेला दिला. आम्ही घाबरलो. आत्याचे पाहिले होते ना! हे लोक निष्काळजी आहेत असे वाटून मी सिस्टरशी वादही घातला. भाऊ पाचव्या दिवशी घरी आला. आत्याला एकोणीस दिवस लागले होते.

आत्याच्या रुग्णालयाने काही चुकीचे केले असे मी म्हणणार नाही. ती त्यांची पूर्वापार पद्धत होती. पण त्यानंतर मी या विषयात डोके घातले, पुष्कळ वाचले, डॉक्टरांना आणि विशेषतः वॉर्डातल्या सिस्टरांना खोदून खोदून विचारले. त्यातून जे हाती आले, ते ज्या क्रमाने तुम्हाला लागेल त्या क्रमाने मांडतो आहे.

फरक नेमका कुठे असतो

चांगले रुग्णालय कोणते असे विचारले की लोक सर्जनचे नाव सांगतात. सर्जन महत्त्वाचा आहेच. पण 2009 मध्ये अमेरिकेत घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक या तिघांनी सुमारे 85 हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यात पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया होत्या. जिथे मृत्यू सर्वात कमी आणि जिथे सर्वात जास्त, अशा रुग्णालयांची तुलना केली, तेव्हा गुंतागुंत होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले, 26.9 आणि 24.6 टक्के. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी किती दगावले, हे पाहिल्यावर मात्र चित्र पालटले. चांगल्या गटात 12.5 टक्के, वाईट गटात 21.4 टक्के.

म्हणजे संकट दोन्हीकडे येते. एकीकडे ते वेळेवर ओळखले जाते, दुसरीकडे सकाळच्या राउंडची वाट पाहत पडून राहते. 2021 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्तन, मोठे आतडे आणि जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांचा 82 देशांतल्या 428 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचाही निष्कर्ष याच वळणाचा होता. गरीब देशांतल्या जास्तीच्या मृत्यूंचे कारण गुंतागुंत जास्त होते यापेक्षा, ती झाल्यावर रुग्णाला वाचवण्याची सोय अपुरी पडते, हे होते.

सर्जनच्या हाताइतकीच वॉर्डाची रात्र महत्त्वाची, असे मी म्हणतो ते यामुळे.

पायरी पहिली: ऑपरेशनचे पूर्ण नाव लिहून घ्या

“पोटाचे मोठे ऑपरेशन” एवढ्यावर तुलना होत नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचे, गुदाशयाचे, पूर्ण जठर काढण्याचे, यकृताच्या तुकड्याचे, स्वादुपिंडाच्या डोक्याचे म्हणजे व्हिपल, आणि पोटाच्या अस्तरावर पसरलेला रोग खरवडून गरम केमोथेरपी फिरवण्याचे, ज्याला हायपेक म्हणतात, ही सगळी वेगवेगळी जगे आहेत. पहिल्यातला रुग्ण चार-पाच दिवसांत घरी जाऊ शकतो, शेवटच्यातल्याला दोन-तीन आठवडे लागले तरी ते नेहमीचेच. त्यामुळे “अमक्याला पाचव्या दिवशी सोडले, मग आम्हाला का नाही?” हा प्रश्न विचारण्याआधी अमक्याचे ऑपरेशन कोणते होते ते पाहावे.

डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: कोणता अवयव, किती भाग काढणार, पोट उघडून की दुर्बिणीने, आतड्याला जोड देणार का, म्हणजे कापलेली दोन टोके एकमेकांना शिवणार का, आणि स्टोमा, म्हणजे पोटावर पिशवी, लागण्याची शक्यता आहे का.

पायरी दुसरी: प्रश्न सर्जनला आणि वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला

सर्जनला पहिला प्रश्न, हेच ऑपरेशन या रुग्णालयात वर्षाला किती होतात. अवयव जितका अवघड, तितका हा आकडा मोलाचा. 2002 मध्ये बर्कमायर यांच्याच अभ्यासात स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्वात कमी अनुभव असलेल्या रुग्णालयांत 16.3 टक्के रुग्ण दगावले, सर्वात जास्त अनुभव असलेल्यांत 3.8 टक्के. आतड्याच्या साध्या ऑपरेशनात हा फरक इतका मोठा नव्हता. म्हणून व्हिपल, यकृत, जठर किंवा हायपेक असेल, तर लांबचे पण सरावाचे केंद्र गाठण्यात अर्थ आहे. उजव्या आतड्यासाठी जवळचे व्यवस्थित रुग्णालय पुरते, असे माझे मत.

दुसरा प्रश्न, जोड किती जणांत गळतो. इथे उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा पाहा. मोठ्या आतड्याचे जोड जगात सगळीकडे काही टक्के गळतात आणि गुदाशयाचा जोड जितका खाली, तितका धोका वाढतो. “आमच्याकडे असे कधीच होत नाही” म्हणणारा एक तर फार थोडी ऑपरेशने करतो किंवा मोजत नाही. “होते, आणि झाल्यावर आम्ही असे असे करतो” म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

यानंतर रात्रीचे प्रश्न. रात्री दोन वाजता रुग्णाला पाहायला कोण येतो, आणि तो पोटाच्या शस्त्रक्रियांतला आहे की सगळ्या इमारतीसाठी एकच ड्युटी डॉक्टर? रात्री आणि सुटीच्या दिवशी सीटी स्कॅन होतो का आणि तो वाचायला कोणी असतो का? पोट न उघडता सुईने पू काढणारा किंवा रक्तवाहिनीत नळी घालून रक्तस्राव थांबवणारा रेडिओलॉजिस्ट किती वेळात येतो? पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ आली तर ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ तयार असतात का? आयसीयूत जागा नसेल तर काय करता?

हे विचारताना संकोच वाटतो. मलाही वाटला होता. पण ज्यांच्याकडे उत्तरे असतात ते रागावत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

इनचार्ज सिस्टरला वेगळे विचारा: रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? 2014 मध्ये युरोपातील 9 देशांच्या 300 रुग्णालयांचा अभ्यास झाला होता. दर सिस्टरमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाला दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. एकेक रुग्णाचा हा हिशेब आहे! मग पाचांऐवजी दहा असतील तर काय, ते तुम्हीच पाहा. त्यांनाच विचारा की फिजिओथेरपिस्ट रविवारी येतात का, स्टोमाची खास सिस्टर आहे का, आणि ऑपरेशननंतर कोणत्या दिवशी काय करायचे याचा छापील तक्ता वॉर्डात आहे का.

हा तक्ता म्हणजे बहुधा ‘ईआरएएस’, अर्थात शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरण्याची पद्धत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात तिचा पाया घातला. ऑपरेशनला शरीर देत असलेला ताणाचा प्रतिसाद कमी केला, तर रुग्ण लवकर उठतो, हा त्यांचा मुद्दा. 2001 मध्ये युरोपातला एक अभ्यासगट एकत्र आला, 2005 मध्ये मोठ्या आतड्यासाठी पहिली एकमताची कार्यपद्धती आली आणि 2010 मध्ये त्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज बहुतेक रुग्णालये “आम्ही ईआरएएस करतो” म्हणतात. मग पुढचा प्रश्न असा की त्यातले किती मुद्दे प्रत्यक्ष पाळले जातात, याची नोंद कोण ठेवते? नोंद ठेवणारे माणूस नसेल तर तो तक्ता भिंतीवरच राहतो.

पायरी तिसरी: तारीख मिळाल्यापासून टेबलापर्यंत

हा काळ बहुतेक कुटुंबे चिंतेत घालवतात. चांगली केंद्रे तो कामाला लावतात.

धूम्रपान आणि दारू निदान चार आठवडे आधी बंद. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह, बहुधा शिरेतून, कारण गोळ्यांना आठवडे लागतात. रोज दम लागेल इतके चालणे, आणि फुगे किंवा चेंडू वर उचलणाऱ्या यंत्राने श्वासाचे व्यायाम आधीपासूनच शिकून घेणे. टाके दुखत असताना ते यंत्र पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते जमत नाही. गेल्या सहा महिन्यांत वजन 10 टक्क्यांहून जास्त घटले असेल, तर एक-दोन आठवडे पोषणावर देऊन ऑपरेशन थोडे पुढे ढकलणेही योग्य ठरते. “कर्करोग आहे, उद्याच काढा” ही आपली घाई असते. पण खंगलेल्या शरीरात जोड भरून येत नाही.

पिशवीची शक्यता असेल तर तिची जागा ऑपरेशनच्या आधी, रुग्णाला बसवून, उभे करून, वाकवून, पेनाने आखून घ्यावी. आडव्या पडलेल्या, भूल दिलेल्या पोटावर निवडलेली जागा नंतर कमरेच्या वळीत जाते आणि पिशवी रोज निसटते. हे न करणारे रुग्णालय असेल तर स्वतः आठवण करा.

उपाशी राहण्याचा हिशेबही विचारा. घन आहार सहा तास आधी बंद, स्वच्छ पातळ पेये दोन तास आधीपर्यंत चालतात, हा आजचा सर्वमान्य नियम. जठरातून अन्न पुढे सरकत नसेल, वाट अडलेली असेल, तर अपवाद. “रात्री बारापासून पाणीही नको” असे सरसकट सांगितले गेले आणि नंबर दुपारी तीनला असेल, तर भूलतज्ज्ञांना एकदा विचारून पाहा.

पायरी चौथी: पहिले दोन-तीन दिवस

ब्रिटनमध्ये तीन साध्या गोष्टींवर लक्ष ठेवतात: 24 तासांत रुग्णाने काही प्यायले का, खाल्ले का, आणि तो पलंगावरून हलला का. वॉर्डची नाडी यावरूनच कळते.

नाकातली नळी म्हणजे राइल्स ट्यूब. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर ती सरसकट ठेवण्याने फायदा होत नाही, उलट फुप्फुसाचा त्रास वाढू शकतो आणि पोट सुरू व्हायला उशीर होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. लघवीची नळी आतड्याच्या ऑपरेशनात बहुधा दुसऱ्या दिवशी निघते, गुदाशयाच्या ऑपरेशनात थोडी उशिरा. पोटात साचणारा द्रव बाहेर काढणारी ड्रेनची नळी साध्या आतड्याला सहसा लागत नाही, स्वादुपिंडाला मात्र कामाची असते. तेव्हा सकाळच्या राउंडला प्रत्येक नळीपाशी बोट नेऊन एकच विचारायचे: “ही अजून कशासाठी आहे?” उत्तर मिळाले तर ठीक. “राहू दे अजून” हे उत्तर नाही.

वेदनेकडे पाहण्याची पद्धत रुग्णालयागणिक बदलते. काही ठिकाणी दुखले की मॉर्फिनसारखे इंजेक्शन, बाकी काही नाही. त्याने दुखणे थांबते, पण आतडेही झोपते. चांगल्या ठिकाणी पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, दुखो वा न दुखो. सोबत पाठीतला एपिड्युरल, मणक्यातले एकच इंजेक्शन किंवा पोटाच्या भिंतीत दिलेला ब्लॉक, म्हणजे तो भाग बधिर करणारे इंजेक्शन, असतो. कसोटी सोपी आहे: रुग्णाला दीर्घ श्वास घेता येतो का, खोकता येते का? पडून असताना दुखत नाही, पण खोकताना जीव जातो, अशी वेदना आटोक्यात आलेली नाही. त्याला सांगायला लावा. आपली माणसे सहन करण्याला शौर्य समजतात आणि कफ मात्र छातीत साचत राहतो.

सलाइनबाबतही असेच. फार दिल्याने आतड्याला सूज येते आणि ते उशिरा चालू होते. फार आखडता हात घेतला तर मूत्रपिंडावर ताण येतो, हे 2018 च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. इथे तुम्ही काही ठरवायचे नाही, फक्त रोजचे वजन घेतात का ते पहा. दोन दिवसांत वजन तीन किलोने वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे.

चालणे रोज वाढत जावे. पहिल्या दिवशी खुर्चीत दोन तास, मग कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. भावाच्या वॉर्डात भिंतीवर मीटरच्या खुणा केलेल्या होत्या आणि तो शेजारच्या पलंगावरच्या काकांशी पैज लावून चालायचा. फिजिओथेरपिस्टपेक्षा त्या काकांनीच त्याला जास्त चालवले.

पायरी पाचवी: रात्र

बिघाडाची सुरुवात हळू होते. जोड गळण्याची चिन्हे बहुधा तिसऱ्या ते आठव्या दिवसात दिसतात, म्हणजे नातेवाईक निवांत होऊ लागतात तेव्हाच. ताप आणि पोट दगडासारखे होणे ही उशिराची लक्षणे. आधी येतात ती अशी, ज्यांना लोक “अशक्तपणा आहे” म्हणून सोडून देतात: नाडी कालच्यापेक्षा वाढलेली, श्वास जलद, कालपर्यंत सुटणारा गॅस आज बंद, पोट फुगलेले, लघवी कमी, खांद्यात विचित्र दुखणे, नव्याने हृदयाचा ठोका चुकणे, किंवा माणूस चिडचिडा आणि असंबद्ध होणे. आत्या चौथ्या रात्री मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागली. आम्ही हसलो. तो तिच्या छातीतल्या संसर्गाचा पहिला निरोप होता, आणि तो वाचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

म्हणून रुग्णालयात धोक्याच्या गुणांची पद्धत आहे का, ते पाहा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये ‘न्यूज’ नावाची पद्धत आणली आणि 2017 मध्ये ती सुधारली. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावला आहे का, रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि ताप यांना गुण द्यायचे. बेरीज 5 झाली की डॉक्टरने तातडीने पाहायचे आणि निदान तासातासाला मोजायचे, 7 झाली की आणीबाणी. नाव काहीही असो, महत्त्वाचे हे की गुण वाढल्यावर काय करायचे ते आधी ठरलेले असते आणि रात्रपाळीच्या नव्या सिस्टरला सर्जनची झोप मोडताना कोणाची परवानगी लागत नाही. श्वासाचा वेग खरोखर घड्याळ लावून मोजतात का, तेही बघा. अनेक तक्त्यांवर सगळ्या रुग्णांचा श्वास मिनिटाला नेमका 18 किंवा 20 असतो. तसे दिसले की समजावे, मोजलेले नाही.

शरीरातला दाह दाखवणारी, रक्तातली सीआरपी नावाची तपासणीही इथे उपयोगी. कोणत्याही ऑपरेशननंतर ती वाढते, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि मग उतरायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती लिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या बरीच वर असेल किंवा चढत असेल, तर चांगले सर्जन रुग्ण “बरा दिसतो” यावर भागवत नाहीत, सीटीचा विचार करतात. ती कमी असेल तर घरी पाठवताना धीर येतो.

सोबतीला राहणाऱ्याने एक वही ठेवावी. दर चार तासांनी नाडी, ताप, लघवी किती, गॅस सुटला का, किती पावले चालले, काय प्यायले. वही डॉक्टरांची जागा घेत नाही, पण “कालपासून बरे वाटत नाहीये” आणि “काल सकाळी नाडी 84 होती, आता 118 आहे, आणि दुपारपासून गॅस नाही” या दोन वाक्यांत रात्री दोन वाजता फार फरक पडतो. दुसरे वाक्य फोनवर पुढे जाते. पहिले सिस्टरच्या टेबलापाशीच अडते.

आणि सांगूनही कोणी आले नाही तर? आवाज चढवू नका. “तुम्ही वरिष्ठांना कळवलेत का, आणि किती वाजता कळवले, ते कागदावर लिहाल का?” एवढे विचारा. लिहायची वेळ आली की फोन लागतो.

पायरी सहावी: अवयवाप्रमाणे बदलणारे काही

स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर जठर काही दिवस, कधी काही आठवडे, रिकामे व्हायला नकार देते. हे सामान्य आहे, घाबरू नये. ड्रेनच्या पाण्यात तिसऱ्या दिवशी अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातले एन्झाइम, तपासतात, त्यावरून जोडातून रस झिरपतो का ते कळते. पण पहिल्या दिवसानंतर ड्रेनमध्ये थोडेसे ताजे लाल रक्त दिसले, अगदी थोडेसे, तर ते थोडेसे समजू नका. मोठ्या रक्तस्रावाच्या काही तास आधी अशी सूचना येऊ शकते, आणि तेव्हाच रात्रीचा रेडिओलॉजिस्ट लागतो. नंतर अनेकांना जेवणासोबत पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. शौच तेलकट, तरंगणारे होऊ लागले की मात्रा कमी पडते आहे.

पूर्ण जठर काढलेल्याला बी-12 ची इंजेक्शने जन्मभर. हे डिस्चार्जच्या कागदावर नसेल तर लिहून घ्या, कारण कमतरता एक-दोन वर्षांनी उगवते, तेव्हा कोणाला जठर आठवत नाही. प्लीहा काढली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी, आणि पुढे आयुष्यभर ताप आला की ताबडतोब डॉक्टर.

लहान आतड्याची पिशवी असेल तर दिवसाला दीड लिटरहून जास्त जाऊ लागले की मूत्रपिंड धोक्यात. तहान लागते म्हणून नुसते पाणी ढोसले तर उलट आणखी जाते. मीठ-साखरेचे ठरलेल्या प्रमाणातले द्रावण लागते. ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हावे लागण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि ते बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखे. पिशवी मापाच्या भांड्यात ओतून रोज लिहा.

रुग्णालय जुन्या पद्धतीचे असेल तर

सगळ्यांना निवड करता येत नाही. काही वेळा आतडे तुंबून रातोरात ऑपरेशन होते आणि जे समोर असते तेच आपले. अशा वेळी पद्धत बदलून मागायची नाही, एकेक गोष्ट मागायची. “खुर्चीत बसवू का?” “पाण्याचे घोट चालतील का?” “पॅरासिटामॉल वेळेवर सुरू ठेवता येईल का?” यांना क्वचितच नकार मिळतो. श्वासाचे व्यायाम दर तासाला, डोक्याकडची बाजू वर, दिवसातून दोनदा दात घासणे, यांना तर कोणाची परवानगीही लागत नाही, आणि छातीचा संसर्ग टाळायला हेच उपयोगी पडते.

मात्र प्रत्येक उशीर हा मागासलेपणा नसतो. तातडीचे ऑपरेशन, पोटात पू, अवघड जोड, सारखी उलटी, यांत नळी ठेवणे आणि तोंड बंद ठेवणे बरोबर असू शकते. उलटी करणाऱ्या रुग्णाला “इंटरनेटवर लिहिले आहे” म्हणून खाऊ घालणारे नातेवाईकही मी पाहिलेत. कारण विचारा आणि ते पटण्यासारखे असेल तर गप्प बसा. नळ्यांना हात लावू नका.

पायरी सातवी: डिस्चार्ज आणि त्यानंतरचा महिना

दिवस मोजून घरी जायचे नसते. तोंडाने पुरेसे जाते, गोळ्यांवर दुखणे सोसवते, ताप नाही, स्वतः उठून संडासला जाता येते, नाडी स्थिर आहे, आणि पिशवी असेल तर ती रुग्णाने स्वतः, सिस्टरच्या समोर, निदान दोनदा बदलली आहे. एवढे झाले की चौथा दिवसही चालतो. नसेल तर दहावाही लवकर.

कागद हातात आल्यावर चार गोष्टी तपासा. पोट किंवा ओटीपोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घरी गेल्यावरही टिकतो, म्हणून साधारण 28 दिवस त्वचेखाली, रक्त गोठू न देणारे हेपरिनच्या जातीचे इंजेक्शन देण्याची शिफारस आहे. इथे रुग्णालयांत फार तफावत दिसते. कित्येक ठिकाणी डिस्चार्जला ते बंद होते. रक्तस्रावाची भीती असेल तर डॉक्टर ते टाळतीलही, पण टाळले की विसरले, हे विचारा. दुसरे, आहारात प्रथिने किती: वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम हा नेहमीचा हिशेब, मूत्रपिंडाचा विकार नसेल तर. तिसरे, आधीच्या गोळ्या, विशेषतः रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करणाऱ्या, कधी आणि किती सुरू करायच्या. वजन उतरल्यावर जुन्या मात्रा जास्त होतात. चौथे, फोन नंबर. स्वागतकक्षाचा नंबर कामाचा नाही.

घरी पोटरी एका बाजूने सुजली, अचानक धाप लागली, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, उलटी थांबेना, पोट फुगून गॅस बंद झाला, किंवा जखमेतून पाणी वाहू लागले, तर सकाळची वाट पाहायची नाही. जमेल तर जिथे ऑपरेशन झाले तिथेच जा. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांना आत काय कुठे जोडले आहे ते माहीत नसते. तिथे पोचणे शक्यच नसेल, तर ऑपरेशनच्या नोंदीची प्रत सोबत न्या. ती प्रत डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यायची असते.

काढलेल्या भागाच्या तपासणीचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा, रिपोर्ट यायला थोडे दिवस लागतात. नंतर केमोथेरपी लागणार असेल, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी असे पाहतात. उशीर वाढला की तिचा उपयोग घटतो. म्हणून टाके काढायला जाल त्या दिवशीच ऑन्कॉलॉजिस्टची, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाची, वेळ घेऊन ठेवा. रिपोर्ट आला नसला तरी.

आणि घरी पोचल्या पोचल्या, सगळे ठीक असतानाच, डिस्चार्जच्या कागदावरचा तो नंबर एखाद्या रविवारी संध्याकाळी लावून पाहा. भावाच्या वेळी दुसऱ्या रिंगला एका सिस्टरने उचलला. मी गडबडून विचारले, “टाक्यांना पाणी लागले तर चालते का?” तिने भावाचे नाव, ऑपरेशनची तारीख विचारली, आणि म्हणाली, “चालते. पण आज किती चालले ते सांगा आधी.”